पाय सुटेपर्यंत

दुकानातल्या बुटक्या आरशात माणसाचं तोंड दिसत नाही. जमिनीला टेकवून, जरा मागे कलता ठेवलेला तो आरसा. त्यात बूट दिसतात, मोजे दिसतात, फार तर गुडघे. लहान मुलांच्या विभागात ती इतकी वर्षं काम करत होती की गिऱ्हाइकांचे चेहरे ती विसरायची आणि पाय लक्षात ठेवायची. त्या दुपारी ती खाली बसून एका रडक्या मुलाच्या पायात सँडल चढवत होती, मुलगा टाच आत घालायला तयार नव्हता, त्याची आई वरून सूचना देत होती, आणि तिची नजर सहज आरशात गेली. आरशातून दोन पाय चालत येत होते. शाळेचे काळे बूट, घसरलेले पांढरे मोजे. उजवा पाय नीट पडत होता. डावा मात्र टेकल्या टेकल्या उचलला जात होता, तापलेल्या फरशीवर पडावा तसा, आणि त्याचा गुडघा पुरता सरळ होतच नव्हता. कुणाची गं बाई ही पोर, तिच्या मनात आलं. लक्ष कुठे असतं या आयांचं? इतकं लंगडतंय लेकरू आणि खुशाल बूट घ्यायला आणलंय. मग त्या पायांच्या वरून आवाज आला, "आई, माझी पाण्याची बाटली शाळेत राहिली."

तिने मान वर केली नाही. रडक्या मुलाच्या सँडलचा पट्टा लावला, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का ते दाबून पाहिलं, त्याच्या आईला म्हणाली, "बरोबर बसलीय, वर्षभर बघायला नको." हे सगळं तिच्या हातांनी केलं, तोंडाने केलं. ती स्वतः अजून त्या आरशातच होती. एखाद्याच्या मुलीची कीव करावी आणि ती मुलगी आपली निघावी. नुसतं तोंड दिसलं नाही म्हणून आपल्याला ती दिसली, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं आणि ते नीट कळायच्या आत निसटून गेलं. समोर तिची भिंगरी उभी होती. हे नाव बापाने ठेवलेलं, पोर एका जागी ठरत नाही म्हणून. सात वर्षांची, पुढचे दोन दात नुकते आलेले, खांद्यावरून दप्तर लोंबतंय. ती रोज शाळेतून सरळ दुकानात यायची आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला बसून चित्रं काढायची. "जरा चालून दाखव बरं," ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसभर सगळ्यांच्या मुलांना म्हणायची. भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, दप्तर खाली ठेवलं आणि गल्ल्यापर्यंत चालत जाऊन परत आली. अगदी सरळ. पाय लंगडला नाही, गुडघा अडला नाही. फक्त ओठ आत घेतलेले होते, बारीक रेघ मारताना घेते तसे. "झालं?" भिंगरीने विचारलं. बघतोय म्हटलं की मुलं आपल्यासाठी चालतात, त्यांची खरी चाल आपली पाठ असते तेव्हाची, हे तिला धंद्यातून चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाइकांनाही ती हे सांगायची, मूल बेसावध असताना बघा म्हणून. घरी मात्र तिला हे कधी सुचलं नव्हतं.

घरी सकाळ असायची. सकाळ म्हणजे घाई. दुसरं काही तिला आठवत नव्हतं. नळाची घाई, डब्याची घाई, शाळेच्या गाडीचा भोंगा, दुकानाचं शटर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, उजाडायच्या आत निघायचा, कारण लोक कामावर जायच्या आधी इमारतींच्या लिफ्ट चालू व्हाव्या लागतात. मागे उरायच्या या दोघी आणि घड्याळ. आणि कधीतरी, केव्हापासून ते देव जाणे, भिंगरी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून राहायला लागली. "उठतेस का?" "हो." "मग बसलीस काय?" "पाय उठत नाहीत." "पाय उठत नाहीत म्हणजे? कडेवर घेऊन फिरू तुला, एवढी घोडी झालीस ती?" एकदा ती खरंच म्हणाली होती, "उचलून ने ना मोरीपर्यंत." तेव्हा हिने हाताला धरून तिला उभं केलं होतं. ओढलंच होतं, खरं सांगायचं तर. पोर रडली नाही, भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वाकडी उभी राहिली आणि दाराच्या चौकटीला धरून गेली. "नाटकं पुरे आता," हिने मागून म्हटलं होतं. दुपारी तीच पोर दुकानात खोक्यांवरून उड्या मारायची. मग कुणाचा विश्वास बसणार? पुढे पुढे तर सकाळची तक्रार बंदच झाली. हिने हाक मारली की भिंगरी टुणकन उठायची. ओरडल्याचा उपयोग झाला, असं तिला वाटलं होतं. बरंही वाटलं होतं.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ निघाला. "वाढीचं दुखणं आहे हो," ते म्हणाले, "या वयात पाय दुखतातच. दूध द्या, जरा चेपून द्या." डॉक्टरांपुढे भिंगरी ताठ चालून दाखवून आली होती. रात्री जेवताना नवरा हसला. "आमच्या लिफ्टचंही असंच असतं. लोक फोन करून करून जीव नकोसा करतात, अडते, खडखडते, आणि मी पेटी घेऊन पोचलो की शहाण्यासारखी वरखाली करते." "म्हणजे बिघाड नसतो?" तिने विचारलं. तो घास हातात धरून थांबला. "असतो," तो म्हणाला, "असतो तर. लोक उगाच कशाला फोन करतील?" मग त्याने मुलीच्या केसांतून हात फिरवला आणि विषय बदलला.

हे सगळं कदाचित तिथेच राहिलं असतं. पण दुकानात मोज्यांच्या काउंटरवर एक बाई होती, सगळे तिला मोजेवाली म्हणत. मनाने चांगली, तोंडाला मात्र फाटक नाही. भिंगरीकडे बघत बघत ती म्हणाली, "घाबरवत नाही हं तुला. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराचं असंच होतं. पाय दुखतो, पाय दुखतो. सगळे म्हणाले वाढीचं. शेवटी रक्ताचं निघालं." पुढे ती काय बोलली ते हिने ऐकलं नाही. रक्ताचं. म्हणजे काय ते विचारायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तिची नजर मुलीच्या अंगावर चोरासारखी फिरायला लागली. आंघोळ घालताना नडगीवरचे काळेनिळे डाग ती बघायची. हा कधीचा? बाकाला लागला. आणि हा? आठवत नाही. आठवत नाही म्हटलं की ती तो डाग बोटाने दाबून बघायची. खालची पापणी ओढून लाल दिसतंय की पांढरं, ते बघायची. भिंगरीला गुदगुल्या व्हायच्या. जगातल्या सगळ्या मुलांच्या नडग्यांवर डाग असतात, दिवसाला पन्नास नडग्या आपण बघतो, असं ती स्वतःला सांगायची आणि स्वतःचं काही ऐकायची नाही. शेवटी तिने मालकाकडे सुट्टी मागितली आणि मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई उंच होत्या, केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही आधी. भिंगरीला बूटमोजे काढायला सांगितलं आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात पाठवलं. "त्या टोकाला एक कुंडी आहे. तिच्यात किती पानं आहेत ते मोजून ये." भिंगरी गेली. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून तिच्याकडे न बघता बघत होत्या, आणि त्यांच्या खांद्यामागून ही. जाताना पाय सरळ. पानं मोजून परत येताना, आकडा डोक्यात घोळवत, कुणी बघतंय हे विसरून, डावा पाय टेकल्या टेकल्या उचलला जायला लागला. आरशातला पाय. "दिसलं," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. इतके दिवस हिला कुणीतरी हे म्हणायला हवं होतं आणि आता ते म्हटलं गेलं होतं.

मग त्यांनी भिंगरीला चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं, उकिडवं बसवलं. पलंगावर निजवून आधी खुबा फिरवून पाहिला, आत, बाहेर. "मुलं गुडघा म्हणतात आणि पुष्कळदा दुखणं खुब्यात असतं," त्या म्हणाल्या, "हिचा खुबा चांगला आहे." मग हाताची मागची बाजू एका गुडघ्यावर ठेवली, नंतर दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. "तुम्ही ठेवा." तिने ठेवली. डावा गुडघा गरम होता. ताप आलेल्या कपाळासारखा, एवढाच, गुडघ्यापुरता. बाजूचे खळगे भरून आले होते. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक होती, तिला दिसली, आणि एकदा दिसल्यावर आजवर दिसली नव्हती हे पटेना. याच पायांना आपण रोज मोजे चढवतो. या पायाचं माप आपल्याला झोपेतही सांगता येईल. डॉक्टरीणबाईंनी बोटं पाहिली, मनगटं पाहिली, मान वळवायला लावली, तोंड मोठ्ठं उघडायला लावलं. एकीकडे विचारत होत्या, ताप येतो का, भूक कशी आहे, वजन उतरलंय का, झोपेतून दुखून जागी होते का. ती उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिला वाटत होतं की आपण चुकीचं सांगतोय, की बरोबर उत्तर द्यायला दुसरीच कुणी आई यायला हवी होती.

"सकाळी जास्त दुखतं का संध्याकाळी?"

"सकाळी तर टुणकन उठते," ती म्हणाली. "आधी करायची कुरकुर. शाळा चुकवायला असेल असं वाटलं. आता नाही करत."

"सुट्टीच्या दिवशी करायची?"

सुट्टीच्या दिवशी घरात कुणाला घाई नसायची. सुट्टीच्या दिवशी भिंगरी उन्हं वर येईपर्यंत पलंगावर बसून असायची, पाय सोडून, आणि हिला वाटायचं, बसू दे बापडीला.

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांनी प्रश्न बदलला, आणि माणूसही. "तू सांग गं. सकाळी डोळे उघडल्यावर तू पहिल्यांदा काय करतेस?"

भिंगरीने आईकडे पाहिलं.

"तिच्याकडे नको बघू. मला सांग."

"मी आधीच उठते," भिंगरी म्हणाली. "आई उठायच्या आधी. बाबा गेले की."

"आणि?"

"भिंतीला धरून चालते. बोळातल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आधी पाय लाकडाचे असतात. मग सुटतात. सुटले की परत जाऊन झोपते. मग आईने हाक मारली की उठते."

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. हिला घरातली भिंत आठवली. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधल्या बोळात, हिच्या कमरेच्या उंचीला, भिंतीवर एक मळकट पट्टा उमटला होता. तो तिने पाहिला होता. साबणाचं फडकं घेऊन घासून पुसलाही होता, आणि पुसता पुसता ओरडली होती, हात धुऊन फिरत जा घरात, भिंती म्हणजे काय तुझी चित्रांची वही आहे? पोर म्हणाली होती, बरं. आठवड्याने तो पट्टा पुन्हा उमटला होता. याच भिंतीला धरून भिंगरी पहिल्यांदा चालायला शिकली होती; तेव्हा ही बोळाच्या टोकाला फरशीवर मांडी ठोकून बसायची, हात पसरून, ये, ये, ये करत, आणि पोर तिच्या अंगावर येऊन कोसळायची. तेव्हा दुकानाला उशीर होत नव्हता का? होतच असणार. मालकाची बोलणीही खाल्ली असतील. ते काही तिला आठवत नव्हतं.

रक्त काढताना भिंगरी रडली नाही, आणि हिला आता तिच्या न रडण्याची भीती वाटायला लागली. "संध्याकाळपर्यंत थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला वाटतं ते सांध्याचंच आहे. पण एक-दोन वाईट गोष्टी आधी बाजूला काढायच्या असतात, त्याशिवाय मी काही बोलणार नाही." वाईट गोष्टींची नावं त्यांनी घेतली नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली, भिंगरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. समोरून मुलं जात होती, चाकांच्या खुर्चीतली, कडेवरची, टक्कल केलेली. टक्कल केलेल्या मुलांकडे तिला बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडे जात नव्हती. सवयीने ती त्यांच्या पायांकडे बघायची, आणि कुणाच्या पायात आपल्या दुकानातले बूट दिसले की तिला आपलंच वाक्य आठवायचं. वर्षभर बघायला नको, असं आपणच यांच्या आयांना सांगितलं असेल. तिने मनातल्या मनात सौदे केले. पाय राहू दे असाच, जन्मभर लंगडू दे, पण रक्त नको. मग वाटलं, असं कसं म्हणालो आपण, लगेच पाय कसा देऊन टाकला? तो काय आपला होता? आणि मग, दुपार कलल्यावर, ज्याने तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःचीच किळस आली, तो विचार आला. रक्ताचंच निघालं तर. एवढं मोठं काही निघालं तर सकाळी हाताला धरून ओढलं, नाटकं म्हटलं, भिंत पुसली, हे सगळं त्याच्यापुढे बारीक होऊन जाईल. कुणी विचारणार नाही, आपणही नाही. क्षणभर, फक्त क्षणभर, तिला ते हवंसं वाटलं. मांडीवरचं डोकं गरम होतं, केसांना शाळेच्या खडूचा वास होता. ती वाकली आणि त्या केसांत तोंड घालून बसून राहिली. शेजारच्या बाईला वाटलं ती मुलीचे लाड करतेय.

नवरा कामावरून तसाच आला, नखांत काळं ग्रीस. काही विनोद करायला म्हणून त्याने तोंड उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि मिटलं. ती त्याला बोळाचं सांगू लागली. तो मधेच म्हणाला, "मला माहीत होतं ती उठते ते." "कधी?" तिने विचारलं. "एकदा पाकीट विसरलो म्हणून परत आलो होतो. बोळात फिरत होती. म्हटलं, पाणी प्यायला उठली असेल. ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं तिने. मला वाटलं काहीतरी खेळ आहे. मीही ओठांवर बोट ठेवलं आणि निघून गेलो." त्याने दोन्ही हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. ती त्याच्यावर चिडली नाही. चिडायला जागाच उरली नव्हती. दोघं एकाच बाकावर बसले होते.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "रक्तात भिण्यासारखं काही नाही," उभ्या उभ्याच त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याने इतक्या जोरात श्वास सोडला की भिंगरी जागी झाली. मग त्या बाकावर बसल्या. सांध्यांचा आजार आहे, संधिवात. "पण तो तर म्हाताऱ्यांना," नवरा म्हणाला. "मुलांनाही होतो. अंगच आपल्या सांध्यांवर उठतं. कुणाच्या खाण्यापिण्याने होत नाही, कुणाच्या चुकीने होत नाही." हे वाक्य त्या प्रत्येक आईबापाला सांगत असाव्यात, तिला वाटलं, बोटभर जागा आहे म्हणून आपण सांगतो तसं. "वाढीचं दुखणं संध्याकाळी येतं, दोन्ही पायांत येतं, आणि सकाळी मूल साफ विसरतं. त्याने मूल लंगडत नाही. हे उलटं आहे. निजून आखडतं आणि हलून सुटतं. हिने स्वतःच शोधून काढलं ते."

"आधी आणलं असतं तर?" तिने विचारलं. दिवसभर दातांमागे धरलेलं ते बाहेर आलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "आधी आणलं असतं तर मांडी एवढी बारीक झाली नसती," त्या म्हणाल्या. "ती भरून येईल. गुंगी देऊन गुडघ्यात इंजेक्शन देऊ, औषधं सुरू करू. किती वर्षं, ते आज विचारू नका. पुष्कळांचं आटोक्यात येतं. पण आता वर जा, डोळ्यांच्या विभागात. या आजारात डोळे आतून सुजतात. लाल होत नाहीत, दुखत नाहीत, मुलाला कळतही नाही. आजच बघून घेऊ."

वरच्या अंधाऱ्या खोलीत भिंगरीने हनुवटी यंत्रावर टेकवली. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, उजव्या डोळ्यात उजेड टाकून पटकन ठीक आहे म्हणाले, डाव्यात मात्र बघतच राहिले. त्या बघत राहण्यात ही दोर तुटलेल्या लिफ्टसारखी उभीच्या उभी खाली गेली, मजल्यामागून मजले, तळ लागेना. "आहे थोडी सुरुवात," ते शेवटी म्हणाले. "फार नाही. थेंब घालायचे, नेमाने. दृष्टी अजून चांगली आहे." अजून. तो एक शब्द घेऊन ती जिना उतरली. इतकी वर्षं आपण पाय बघत राहिलो आणि पायही दिसले नाहीत. डोळ्यांचं तर कुणी सांगेपर्यंत मनातही आलं नव्हतं. आणखी कुठे काय चाललं असेल त्या एवढ्याशा अंगात, आवाज न करता, शहाण्यासारखं, आईला घाई आहे म्हणून?

घरी आल्यावर तिने भिंगरीला समोर बसवलं. थेंब घालून झाले होते, पोर डोळे मिचकावत होती. "आता लपवायचं नाही," ती म्हणाली. "दुखलं की सांगायचं. पाय उठले नाहीत तर मला हाक मारायची, मी उचलून नेईन. कळलं?" "कळलं." "मी ओरडणार नाही." "बरं," भिंगरी म्हणाली. हे बरं तिच्या ओळखीचं होतं.

सकाळी नवऱ्याच्या मागे दार लागलं. ती जागीच होती. बाहेर नुकतं झुंजुमुंजू झालं होतं. शेजारची चादर हलली, पलंग जरासा कुरकुरला, आणि मग बराच वेळ काही नाही. पोर कडेला बसली असावी. हाक मारेल, तिला वाटलं. आता मारेल. ती श्वास धरून पडून राहिली. हाक आली नाही. फरशीवर पाऊल पडलं, मग दुसरं, ओढल्यासारखं, आणि भिंतीवरून तळवा सरकण्याचा आवाज, कोरडा, सावकाश. तिला राहवेना. ती उठली आणि बोळाच्या तोंडाशी गेली. भिंगरी मधोमध होती, दोन्ही हात भिंतीला, डावा गुडघा वाकलेला, म्हातारीसारखी. आईला पाहून ती थबकली आणि पाय सरळ करायला लागली. तो होईना.

"दुखत नाहीये," ती म्हणाली.

"ये, मी उचलते."

"नको."

"अगं, मी ओरडत नाहीये. मी नुसती इथे उभी राहते. तुझ्याबरोबर चालते हवं तर."

भिंगरीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. समजावून सांगायचं होतं तिला, लहान मुलाला सांगावं तसं. "तू झोप," ती म्हणाली. "तू उठलीस की घाई होते."

"आज नाही होणार."

"होते," भिंगरी म्हणाली. "तू झोप ना, आई."

ती तशीच उभी राहिली. धरायला पुढे केलेले हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग ती वळली, खोलीत आली आणि पलंगावर आडवी झाली. चादर ओढून घेतली, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. पलीकडे तळवा भिंतीवरून सरकत राहिला, पाऊल, ओढ, पाऊल, टोकाला जाऊन परत. ती हलली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकान उघडलं, नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, भांडं भरायला लावायला हवं होतं. ती हलली नाही. तिचा खांदा अवघडला, डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून उशीत गेलं, ते तिने पुसलं नाही, कारण झोपलेलं माणूस डोळे पुसत नाही. पावलं हळूहळू सारखी पडायला लागली. मग ती खोलीत आली, पलंग खचला, थंड पडलेले दोन तळपाय तिच्या पोटऱ्यांना चिकटले. भिंगरी थोडा वेळ श्वास सावरत पडून राहिली.

"आता मार हाक," ती म्हणाली.